केस वाढेपर्यंतचा धीर

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरच्या गणपतीला माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण आली होती. ॲटलांटाच्या उपनगरातलं घर, पंचवीसेक माणसं, मोदकांचा दुसरा घाणा नुकताच चढवलेला. दार उघडलं आणि क्षणभर मी तिला ओळखलंच नाही. ती कृष्णवर्णीय अमेरिकन. सहा वर्षं मी तिला खांद्यावर रुळणाऱ्या सरळ, चकचकीत केसांत पाहत आले होते. आज डोक्यावर घट्ट वळ्यांचे, जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढे केस, कानात मोठ्या रिंगा आणि चेहऱ्यावर ‘विचारा काय विचारायचं ते’ असा भाव.

आमच्या ओळखीतल्या एक काकू आहेत, मनानं अगदी निर्मळ. त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि कुजबुजल्या, “अगं, हिला काय झालं होतं? केमो वगैरे?” काकूंचा मला राग आला नाही. आपल्याकडे बाईच्या डोक्यावरचे केस उतरतात ते आजारपणात, नवसाला, नाहीतर पणजीच्या काळात नवरा गेल्यावर. एखादी धडधाकट बाई नऊ महिने वाट बघून स्वतःचे लांब केस कापून टाकते, आणि कशासाठी, तर स्वतःचे केस परत मिळावेत म्हणून, हे आपल्या ओळखीच्या कुठल्याच चौकटीत बसत नाही.

तिच्या लोकांत याला ‘ट्रान्झिशन’ म्हणतात आणि शेवटच्या कात्रीला ‘बिग चॉप’. काय होतं ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नुसतं ‘नैसर्गिक केस ठेवले’ म्हटलं की ते एखाद्या रविवारी पार्लरला न जाण्याइतकं सोपं वाटतं. तिच्या आईनं ती आठ वर्षांची असताना तिच्या केसांना पहिल्यांदा रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करायचं मलम, लावलं. या मलमातला जुना, कडक प्रकार सोडियम हायड्रॉक्साइडवर चालतो. म्हणजे आपला कॉस्टिक सोडा, तुंबलेली मोरी मोकळी करायला वापरतात तोच. केसाला वळण देणारे गंधकाचे बंध तो तोडतो आणि केस कायमचा सरळ होतो. कायमचा, पण उगवून बाहेर आलेलाच. मुळातून येणारा नवा केस पुन्हा वळ्या घेऊनच येतो, म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी मुळांना पुन्हा मलम. टाळूला आणि कानांच्या कडांना आधी व्हॅसलीन फासायचं. दोन दिवस आधीपासून डोकं खाजवायचं नाही, कारण जिथे नख लागलं असेल तिथे आग होते. आग तशीही होतेच. ती मला म्हणाली, “लहानपणी वाटायचं, जळतंय म्हणजे काम करतंय.”

तिशी उलटली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपले केस मुळात कसे आहेत हे आपल्याला माहीतच नाही. आठ वर्षांची असतानाचे केस काही आठवत नव्हते. मलम थांबवलं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे पहिले कित्येक महिने डोक्यावर दोन प्रकारचे केस एकत्र नांदतात: मुळाशी वळ्यांचे, टोकाला सरळ. जिथे हे दोन्ही भेटतात तो जोड सगळ्यात नाजूक असतो, कंगवा तिथेच अडतो आणि केस तिथेच तुटतो. नऊ महिन्यांनी तिनं टोकाचे सगळे सरळ केस कापले. तिनं मला कपाळावरची एक वळी ओढून दाखवली, ती नाकाच्या शेंड्याशी आली. सोडली, तर परत कपाळावर. “एवढे वाढलेत,” ती म्हणाली, “पण कोणाला दिसत नाहीत. आणि ज्यांना दिसतं ते विचारतात, केस का कापलेस?”

एका रविवारी मी तिच्याकडे केस धुण्याचा अख्खा कार्यक्रम पाहिला. डोक्याचे चार भाग, चार चिमटे. पाण्याची फवाऱ्याची बाटली, मूठभर कंडिशनर. आधी बोटांनी गुंता सोडवायचा, मग रुंद दातांचा कंगवा, आणि तोही टोकाकडून मुळाकडे सरकत, अगदी माझी आई माझ्या कमरेपर्यंतच्या केसांचा गुंता काढायची तसाच. मग तेल, मग दोन-दोन पेडांचे पीळ, मग रात्रीसाठी सॅटिनची टोपी. सव्वातीन तास. शेवटी ती खुर्चीत मागे रेलून म्हणाली, “आता एक आठवडा मला कोणी भिजवू नका.”

या स्थित्यंतराबद्दल बायकांना जो सल्ला मिळतो, त्याचा सूर बहुतेक वेळा एकच असतो: सगळं मनात आहे. स्वतःवर प्रेम करा, आरशात बघून हसा, आत्मविश्वास हाच खरा दागिना. सल्ला चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. ज्या मुलीनं स्वतःचे केस म्हणजे दुरुस्त करायची वस्तू एवढंच लहानपणापासून ऐकलं, तिला मनाची मशागत करावीच लागते. पण आत्मविश्वास हा शब्द फार सोयीस्कर आहे. तो सगळा हिशेब तिच्या खात्यावर टाकतो. जमलं तर तिचं कौतुक आणि नाही जमलं तर तीच कच्ची.

मराठीत यापेक्षा नेमका शब्द आहे: धीर. धीर म्हणजे हिंमत आणि धीर म्हणजे सबुरीसुद्धा. महिन्याला एक सेंटिमीटर वाढणाऱ्या गोष्टीला दोन्ही लागतात. आणि धीर नुसता धरायचा नसतो, तो देताही येतो. आपण आजाऱ्याला धीर देतो, परीक्षेला निघालेल्या पोराला धीर देतो. आत्मविश्वास असा हातावर ठेवता येत नाही. धीर येतो, सुटतो, खचतो, आणि तो खचवणारं बहुतेक वेळा कोणीतरी समोर असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की नैसर्गिक केसांकडे वळणाऱ्या कृष्णवर्णीय बाईला आत्मविश्वासाचे धडे देण्याआधी तिचा धीर कोण खचवतं ते बघावं. तिच्याकडून जे मागितलं जातं ते कमी झालं, तर तिला एवढं धैर्य गोळा करावंच लागणार नाही.

मागणं जुनं आहे. १७८६ साली लुईझियानावर स्पेनची सत्ता असताना गव्हर्नर मिरो यानं तिथल्या स्वतंत्र मिश्रवर्णीय आणि कृष्णवर्णीय बायकांनी केस फडक्यात बांधावेत असा हुकूम काढला. त्यांचं नटणं गोऱ्या बायकांच्या डोळ्यांत खुपत होतं. बायकांनी हुकूम पाळला, पण फडकी अशी भरजरी, रंगीत आणि उंच बांधली की तीच शोभा झाली. हा किस्सा मला फार आवडतो. तरी त्यांच्या हुशारीचं कौतुक करताना हुकूम विसरायला होतं, हेही खरं.

आता हुकूम कोणी काढत नाही. ‘ऑफिसला शोभेल असं’ एवढंच म्हणतात. १९८१ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एक खटला गाजला. अमेरिकन एअरलाइन्समधल्या एका कृष्णवर्णीय कर्मचारी बाईला डोक्याला चिकटून घातलेल्या बारीक वेण्यांवरून अडवलं होतं. तिचं म्हणणं, ही आमच्या समाजाची पूर्वापार चालत आलेली केशरचना आहे. ती हरली. न्यायालयाचा तर्क असा की अफ्रो म्हणजे मोकळे सोडलेले नैसर्गिक केस, ते जन्मानं येतात, त्यावर बंदी कदाचित भेदभाव ठरेल. वेण्या मात्र हातानं घातलेल्या, त्या सोडता येतात. निकालात असाही उल्लेख आहे की ती या वेण्या घालून कामावर आली, ती एका गोऱ्या नटीनं चित्रपटात तशा वेण्या घालून त्यांची फॅशन आणल्यानंतर. म्हणजे शेकडो वर्षांची रीत आणि तिचं प्रमाणपत्र हॉलिवूडकडून!

पण या तर्कातली खरी गंमत त्या केसांची देखभाल पाहिल्यावर कळते. असे केस रोज मोकळे सोडले तर कोरडे पडतात, गुंततात, तुटतात. वेण्या, पीळ, लॉक्स (केस गुंफून घट्ट झालेल्या बटा) ही त्यांची नटण्याची रीत आहे तशीच राखण्याचीही. केस नैसर्गिक ठेवा पण वेणी घालू नका, हे म्हणजे पावसात खुशाल जा, फक्त छत्री उघडू नका. तरी हाच तर्क २०१६ सालीही टिकला. अलाबामात मोबील इथल्या एका कंपनीनं एका तरुणीला नोकरी देऊ केली आणि लॉक्स कापायला नकार दिला म्हणून ती परत घेतली. मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी तिला सांगितलं होतं की असे केस पुढे अस्ताव्यस्त होतात, अर्थात तुझे तसे आहेत असं मी म्हणत नाही. न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं कौल दिला. ‘तुझे तसे नाहीत’ या वाक्यावर कोणी स्वतंत्र निबंध लिहावा. आपल्याकडेही हे वाक्य फार चालतं. तुमच्या लोकांत असं असतं, तू मात्र तशी वाटत नाहीस.

२०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं पहिल्यांदा कायदा करून केसांचा पोत आणि त्याला साजेशा केशरचना वंशभेदाच्या व्याख्येत आणल्या. ‘क्राउन ॲक्ट’ म्हणतात त्याला. नंतर २०हून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. देशपातळीवरचं विधेयक मार्च २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, सिनेटपुढे अडलं. आणि कायदा झाला म्हणजे सगळं झालं असंही नाही. टेक्सासचा कायदा १ सप्टेंबर २०२३ रोजी लागू झाला, त्याच सुमारास तिथल्या एका शाळेनं एका मुलाला लॉक्सच्या लांबीवरून वर्गाबाहेर बसवलं, ते महिनोन्महिने. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधीशांनी शाळेचंच म्हणणं उचलून धरलं: कायद्यात केशरचनेला संरक्षण आहे, लांबीचा उल्लेख नाही. त्या मुलाला आत्मविश्वास कमी पडला असं कोण म्हणेल?

इथे कोणी म्हणेल, मग सरळच ठेवा की केस, एवढा आटापिटा कशाला? बऱ्याच जणी तेच करतात आणि त्यांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही. मिशेल ओबामांनी २०२२ मध्ये सांगितलं की व्हाइट हाउसात असताना त्यांनी वेण्या घातल्या नाहीत, कारण देश आधी एका कृष्णवर्णीय कुटुंबालाच सरावत होता, त्यात केसांची भर नको. जगातल्या सर्वात प्रसिद्ध बायकांपैकी एक, आत्मविश्वासाची मूर्तीच, आणि तिनंही आठ वर्षं हिशेब केला. तिथे कॉल सेंटरमधल्या पोरीची काय कथा.

पण सरळ केसांची किंमत फुकटातली नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३,४९७ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आदल्या वर्षभरात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी रसायनं वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून अधिक आढळलं. वयाच्या सत्तरीपर्यंत हा कर्करोग होण्याचा अंदाज न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे, आणि आजार मुळात विरळाच. पण या अभ्यासात ही रसायनं वापरल्याचं सांगणाऱ्यांपैकी साधारण ६० टक्के बायका कृष्णवर्णीय होत्या. माझ्या मैत्रिणीनं हे आकडे तिच्या आईला वाचून दाखवले. आई गप्प बसली आणि मग म्हणाली, “मला वाटलं मी तुला सोपं करून देतेय.” त्या आईच्या लहानपणी चुलीवर, म्हणजे गॅसच्या शेगडीवर, लोखंडी कंगवा तापवायचे आणि मुलीला सांगायचे, कान धरून ठेव. तिच्या दृष्टीनं डबीतलं मलम ही प्रगतीच होती.

मॅडम सी. जे. वॉकर यांचं नाव या वादात नेहमी ओढलं जातं. मूळ नाव सारा ब्रीडलव्ह, जन्म १८६७, लुईझियाना. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले, ही घरातली स्वतंत्र जन्मलेली पहिली मुलगी. सेंट लुईसमध्ये धुणी धुतली. स्वतःचे केस गळायला लागले तेव्हा टाळूच्या औषधाच्या नादी लागली आणि त्यातून मोठा कारखाना उभा केला. लोक तिला केस सरळ करणारी बाई म्हणतात. ती स्वतः मात्र हे नाकारायची. माझं काम केस वाढवणं, असं तिचं म्हणणं. हजारो कृष्णवर्णीय बायकांना तिनं विक्रीचं काम आणि हातात पैसा दिला, धुण्या-भांड्यांपलीकडचा. या बाईला गुलाम मनोवृत्तीची म्हणून निकालात काढणाऱ्यांना मी गंभीरपणे घेत नाही.

उलट नैसर्गिक केसांच्या चळवळीतही आता उतरंड आली आहे. वळ्यांचे आकडे आणि अक्षरं ठरलेली आहेत, सगळ्यात घट्ट वळीला ‘४सी’ म्हणतात. जाहिरातीत मात्र दिसते ती सैल, लडिवाळ वळीची मुलगी. ‘४सी’वाली सगळं सोसून, कापून, वाढवून आरशासमोर उभी राहते आणि तिला कळतं की नैसर्गिक असूनही आपण पुन्हा शेवटच्या बाकावर. लग्नाच्या जाहिरातीतला ‘गव्हाळ’ शब्द ज्यांनी वाचलाय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आपला या सगळ्याशी काय संबंध, असं मला एका मराठी मित्रानं विचारलं. संबंध आहे, आणि तो पैशाचा आहे. गणपतीच्या त्या रात्री पानं उठल्यावर काकूंनी धीर करून मैत्रिणीलाच विचारलं, आधीचे लांब केस कुठे गेले? ती हसली. शेवटचे नऊ महिने, आतले केस वाढत असताना, ती वरून गुंफलेले विकतचे केस वापरत होती. पाकिटावर लिहिलेलं होतं, ‘इंडियन’. तिरुमला तिरुपती देवस्थानाला भक्तांनी वाहिलेल्या केसांचा लिलाव होतो, त्यातले पुष्कळ केस परदेशी गंगावनांच्या बाजारात जातात, हे काकूंना ठाऊक नव्हतं. त्या दोनदा तिरुपतीला जाऊन आलेल्या. कितीतरी वेळ काकू त्या मुलीच्या डोक्याकडे आणि ती त्यांच्या आंबाड्याकडे बघत होती.

आमच्याकडच्या कुरळ्या केसांच्या मुलींचं दुःख याच पारड्यात घालायचा मोह होतो. माझ्या भाचीनं लग्नाआधी पुण्यात हजारो रुपये मोजून केस स्मूदनिंग करून घेतले. लहानपणी तिला ‘झिपरी’ म्हणायचे, ते मी विसरलेले नाही. पण तिचे केस कुरळे राहिले असते म्हणून तिची नोकरी गेली नसती, तिला शाळेत वर्गाबाहेर बसवलं नसतं. साम्य आहे तेवढंच म्हणावं.

आपल्या इतिहासातली दुसरी एक गोष्ट मला जास्त जवळची वाटते. १८९० साली मुंबईत सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा झाली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. चळवळीचे जनक जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना, तेव्हा हा धागा काही मी ओढूनताणून आणलेला नाही. त्या सभेत विधवांना कोणी सांगितलं नाही की बायांनो, आत्मविश्वास बाळगा. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी वस्तरा खाली ठेवला. आणि नाभिक काही समाजातले सत्ताधीश नव्हते, या कामावर त्यांचं पोट होतं.

आज वस्तरा कोणाच्या हातात असतो? शाळेच्या नियमावलीत, गणवेशाच्या कलमात, मुलाखतीच्या फॉर्मवर. अमेरिकेत आलेले आपण मराठी लोक आता मॅनेजर आहोत, निवड समितीवर बसतो, शाळांच्या पालक मंडळात आहोत. आपण स्वतः उच्चारावरून, नावावरून, डब्याच्या वासावरून बोलून घेतलेलं आहे, म्हणून आपण या बाबतीत आपोआप शहाणे असू असं मला वाटायचं.

मैत्रिणीच्या बिग चॉपच्या दोन वर्षं आधी मी अशाच एका समितीवर होते. उमेदवार एक तरुण कृष्णवर्णीय मुलगी, केसांचा गोल अफ्रो, उत्तरं नेमकी. फॉर्मवर एक रकाना होता, ‘व्यावसायिक व्यक्तिमत्त्व’, पाचपैकी गुण. मी चार दिले. शेजारच्या गृहस्थांनी दोन दिले आणि म्हणाले, हुशार आहे, पण क्लायंटसमोर जरा नीटनेटकं दिसायला हवं, नाही का? त्यांनी केसांचा शब्दही काढला नाही. मी विचारू शकले असते की नीटनेटकं म्हणजे नक्की काय. साडेपाच वाजत आले होते, मुलीला पोहण्याच्या क्लासवरून आणायचं होतं. सरासरी तीन पडली, निवड दुसऱ्या उमेदवाराची झाली. फॉर्मच्या खाली तीन सह्या होत्या, मधली माझी.